पाडायचं की जपायचं?

सुट्टी संपवून होस्टेलला परतताना आपण बहुतेक जण नागपूर स्टेशनलाच उतरतो. बाहेर पडल्यावर त्या दगडी इमारतीकडे वळून कोण बघतं? सेकंड इयरपर्यंत मीही बघितलं नव्हतं.

वालुकाश्माची ही इमारत १५ जानेवारी १९२५ ला सुरू झाली. ११ डिसेंबर २०२२ ला स्टेशनच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली, खर्च सुमारे ५९० कोटी. आराखड्यात जुनी इमारत कायम ठेवली आहे. महालातल्या जुन्या वाड्यांचं नशीब मात्र एवढं थोर नाही. ‘भिंतीला ओल आली, आता पाडा’ असा निकाल तिथे बरेचदा लागतो.

इथेच आपला अभ्यास कामी येतो. अशा वाड्यांत आरसीसीची फ्रेम नसते, जाड भिंती आणि लाकडी खांबच वजन पेलतात. विटा चुन्यात बांधलेल्या. चुना सच्छिद्र असतो, त्यामुळे ओल बाहेर पडून वाळते. वरून सिमेंटचं प्लॅस्टर मारलं की ती आतच कोंडते. मग क्षार साचतात, विटा भुसभुशीत होतात, तुळयांची टोकं कुजतात. म्हणजे दुखणं वयाचं नाही, चुकीच्या औषधाचं!

तेव्हा आधी गळती थांबवा, सिमेंट काढा, चुन्यानेच दुरुस्ती करा. भिंत फुगली असेल किंवा ओळंब्याबाहेर गेली असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे आधी माणसं बाहेर, मग टेकू.

उद्या ‘धोकादायक’ असा दाखला आपल्याच सहीने निघेल, आणि कुणाचं तरी घर जाईल. सही करण्याआधी भिंत नीट तपासू या ना!