मांजराचें पिल्लूं घरीं आणण्यापूर्वीं



लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायांत बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आहे. खर्चाचा अंदाज न करतां जो पाया घालतो, त्याचें काम अर्धें राहतें व तो लोकांच्या हंसण्याचा विषय होतो, असा त्याचा आशय. हा दृष्टांत आपण प्रार्थनेच्या वेळीं अनेकदां ऐकला आहे. परंतु मांजराच्या पिल्लाशीं त्याचा कांहीं संबंध असेल असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. तो संबंध आम्हांस एका पिल्लाच्या मरणानें शिकविला.

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं मधल्या सुटींत पांचव्या इयत्तेंतील दोन मुलगे एक पिल्लूं रुमालांत गुंडाळून आमच्याकडे घेऊन आले. तें त्यांस फाटकाजवळील गटाराच्या कांठीं सांपडलें होतें. डोळे नुकतेच उघडलेले, अंग भिजून गार पडलेलें, आवाज मात्र मोठा. आम्हीं तें घरीं नेलें. भुकेलेलें असेल म्हणून लगेच गाईचें दूध कोमट करून कापसाच्या बोळ्यानें पाजलें, खोक्यांत जुनी चादर घातली, आणि सत्कर्म केल्याच्या समाधानांत झोंपी गेलों. दुसऱ्या दिवशीं त्यास हगवण लागली. तिसऱ्या दिवशीं पहांटे तें मेलें. पशुवैद्यांकडे आम्हीं गेलों तें त्यानंतर, काय चुकलें एवढें विचारावयास. त्यांनीं सांगितलें तें थोडक्यांत असें : गार पडलेल्या पिल्लास आधीं ऊब द्यावी, मग दूध, आणि तें दूध गाईचें नसावें. तीन दिवस आधीं हें विचारलें असतें तर कदाचित् पिल्लूं वांचलें असतें. “सर, पिल्लूं कसें आहे?” असें त्या मुलांनीं वर्गाबाहेर विचारलें, तेव्हां खरें सांगणें आम्हांस फार जड गेलें. त्यांच्या दयेंत कांहीं उणें नव्हतें; उणें होतें तें आमच्या तयारींत. तशी चूक या शाळेंतील दुसऱ्या कोणाच्या हातून होऊं नये, म्हणून पुढील पाठ लिहीत आहों.

उचलावें कीं नाहीं?

मांजर आपलीं पिल्लें सात घरीं फिरवितें असें आपल्याकडे म्हणतात. सात या आंकड्याचा आग्रह सोडून दिला, तरी भाटी आपलीं पिल्लें सुरक्षित जागीं हलवीत असते हें खरें आहे. ती एका वेळीं एकच पिल्लूं मानेच्या कातड्यास धरून नेते. शिवाय पोटासाठीं शिकारीसहि तिला जावें लागतें. म्हणून एकटें दिसलेलें प्रत्येक पिल्लूं पोरकें नसतें. पिल्लूं स्वच्छ व गुबगुबीत असून शांत झोंपलेलें असेल, तर दूर उभें राहून कांहीं तास वाट पाहावी. आपण जवळच घोटाळत राहिलों तर आई भिऊन येत नाहीं. मनुष्याचा हात लागला म्हणजे आई पिल्लास टाकते, हा समज बहुधा खरा ठरत नाहीं. तेव्हां वाहत्या रस्त्यावरील पिल्लूं उचलून जवळच्या आडोशास ठेवण्यास कचरूं नये. पिल्लूं गारठलेलें वा जखमी असेल, सारखें ओरडत असेल, अथवा आई मेलेली दिसेल, तर मात्र तें उचलणें हेंच कर्तव्य.

वय कसें ओळखावें?

जन्मतः पिल्लाचें वजन सुमारें १०० ग्रॅम असतें व दर आठवड्यास तें सुमारें तितकेंच वाढतें. ७ ते १४ दिवसांत डोळे उघडतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पुढचे दुधाचे दांत दिसूं लागतात व पिल्लूं डळमळत चालूं लागतें. चौथ्या आठवड्यानंतर तें मऊ अन्न चाटतें. आठव्या आठवड्यास तें सुमारें ९०० ग्रॅम भरतें व आईच्या दुधावांचून राहूं शकतें. लहान पिल्लाचें वजन रोज करून वहींत मांडावें. वजन वाढेनासें झालें अथवा घटूं लागलें, तर ती आजाराची पहिली सूचना समजावी.

अगदीं लहान पिल्लूं सांपडल्यास

चार आठवड्यांहून लहान पिल्लास आपल्या अंगाची उष्णता नीट राखतां येत नाहीं. अंग गार असतां त्याचें पचनहि मंदावलेलें असतें व पाजलेलें दूध बाधतें. म्हणून प्रथम गरम पाण्याची बाटली पंचांत गुंडाळून त्याच्या शेजारीं ठेवावी. परंतु फार गरम वाटल्यास दूर सरकण्यास त्यास जागा असावी. अंगांत ऊब आल्यावरच पाजावें. मांजरीच्या दुधाशीं तुलना करतां गाईच्या दुधांत लॅक्टोज नांवाची साखर अधिक व प्रथिनें कमी असतात. त्यामुळें हगवण लागते, व एवढ्याशा देहांतील पाणी पाहतां पाहतां आटतें. पशुवैद्यांकडे मांजराच्या पिल्लांसाठीं तयार केलेली दुधाची भुकटी मिळते; तीच द्यावी. पाजतांना पिल्लास तान्ह्या मुलासारखें उताणें धरूं नये. आईजवळ तें पोटावर राहून पितें, तसेंच येथेंहि असावें. नाहींतर दूध फुप्फुसांत जाण्याचें भय असतें. पहिल्या आठवड्यांत दर दोन-तीन तासांनीं, रात्रींसुद्धां, पाजावें लागतें. तसेंच आई चाटते त्याप्रमाणें कोमट ओल्या कापसानें हळूं पुसून मलमूत्र करवावें लागतें, कारण पहिले सुमारें तीन आठवडे तें त्यास आपण होऊन साधत नाहीं.

हें आपल्यानें होणार नाहीं असें ज्यांस वाटेल, त्यांनीं लाजूं नये. पिल्लास ऊब देऊन तत्काळ पशुवैद्यांकडे अथवा जाणत्या माणसाकडे पोंचविणें यांतहि कर्तव्य पुरें होतें. प्रथमच मांजर पाळणाऱ्या घरानें तर दुसऱ्या कोणीं रस्त्यावरून वांचवून वाढविलेलें, दोन महिने पुरे झालेलें पिल्लूं घ्यावें हें उत्तम. असें पिल्लूं यावयाचें ठरलें म्हणजे तयारीस अवधि मिळतो. ती तयारी कोणती, तें आतां पाहूं.

घरची बैठक

नीट राखलेलें मांजर १५ वर्षें व कधीं त्याहूनहि अधिक जगतें. आज पांचवींत असलेला मुलगा तोंवर पंचविशीचा होईल. म्हणून घरांतील सर्वांनीं एकदां बसून स्पष्ट बोलावें. अन्न, लस, औषधें व शस्त्रक्रिया यांचा खर्च कोण देणार? सकाळीं शी-शूची पेटी कोण साफ करणार? परीक्षेच्या दिवसांत आणि मे महिन्याच्या सुटींत सर्व मंडळी गांवीं गेल्यावर कोण पाहणार? आजोबांस दमा आहे काय? घर भाड्याचें असल्यास मालकाची संमति आहे काय? मुलाचें वचन मनापासूनचें असतें, परंतु पालक जामीन राहिल्यावांचून तें पुरें नव्हे. यांतील एकाहि प्रश्नास उत्तर नसेल, तर आज नाहीं म्हणणें हीहि दयाच होय.

जागेची तयारी

आरंभीं पिल्लास सर्व घर देऊं नये. एक शांत खोली किंवा खोलीचा एक कोपरा पुरे. तेथें निजण्यास व लपण्यास पुठ्ठ्याचें खोकें, पाण्याचें पसरट भांडें, व त्यापासून दूर, उलट बाजूस, वाळू किंवा बाजारांत मिळणारी खास माती घातलेली उथळ पेटी ठेवावी. मांजर जात्याच उकरून झांकणारें असल्यामुळें पेटीची संवय त्यास लवकर लागते. पेटी रोज साफ करून हात साबणानें धुवावे. मांजराच्या मलांतून टॉक्सोप्लाझ्मा नांवाचा जंतु कधीं कधीं बाहेर पडतो; म्हणून गरोदर स्त्रीनें हें काम करूं नये.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनीं खिडक्यांस व सज्जास जाळी बसविल्यावांचून पिल्लूं आणूं नये. शिवणाची सुई-दोरा, रबराचीं कडीं, पतंगाचा मांजा हीं उचलून ठेवावींत. गिळलेला दोरा आंतड्यांत गुंतला तर जीवावर बेततें. कपड्यांतील डांबराच्या गोळ्या, उंदरांचें विष व फरशी पुसण्याचें फिनेल हीं मांजरास विषारी आहेत. लिलीचीं फुलें तर घरांत असूंच नयेत, कारण त्यांचे परागसुद्धां मांजराचीं मूत्रपिंडें निकामी करतात. सर्वांत मोठी सूचना पालकांस : आपण तापावर घेतों ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा प्राण घेते. माणसाचें कोणतेंहि औषध पशुवैद्यांस विचारल्यावांचून देऊं नये.

अन्न

दूध-पोळीवर मांजर वाढतें ही आपल्या घरांतील जुनी समजूत. वस्तुतः तीं मांजरें उंदीर-पाली मारून उरलेली गरज भागवीत असत. मांजर हें पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नांवाचें द्रव्य त्याच्या शरीरांत पुरेसें तयार होत नाहीं. तें मांसांतून व माशांतून मिळावें लागतें. १९८७ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेंतील पशुवैद्य पॉल पायन व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, टॉरिनच्या उणीवेनें मांजराचें हृदय मोठें होऊन दुबळें पडतें, व तें द्रव्य पुरविल्यास पुष्कळदां सुधारतें. ही उणीव डोळ्यांच्या पडद्यासहि मारक असते. म्हणून पिल्लांसाठीं तयार केलेलें अन्न दिवसांतून तीन-चार वेळां थोडें थोडें द्यावें. सोबत शिजवलेली, बिनमिठाची व बिनमसाल्याची कोंबडी चालते, मात्र हाडें काढून. कांदा व लसूण घातलेली आमटी कधींहि देऊं नये. त्यांनीं मांजराच्या रक्तांतील तांबड्या पेशी नष्ट होतात. ज्या घरीं मांसान्न येणेंच शक्य नाहीं, त्यांनीं दुसरा प्राणी पाळावा. त्यांत कमीपणा नाहीं.

पशुवैद्यांची भेट

पिल्लूं येण्यापूर्वींच जवळचा पशुवैद्य कोण, त्यांची वेळ कोणती, हें लिहून ठेवावें. पहिल्या भेटींत अंग तपासून जंतांचें औषध देतात. मांजरांच्या तीन मोठ्या संसर्गजन्य रोगांवरील एकत्र लस ६ ते ८ आठवड्यांच्या वयापासून सुरू होते व १६ आठवडे पुरे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनीं पुन्हा द्यावी लागते. त्यांपैकीं पॅनल्युकोपेनिया या रोगाचा विषाणु घरांत वर्षभरहि टिकूं शकतो. त्या रोगानें ज्या घरीं पिल्लूं दगावलें असेल, तेथें लस न टोंचलेलें दुसरें पिल्लूं आणूं नये. रेबीजची लस १२ आठवड्यांनंतर टोंचतात.

मुलांनो, येथें एक गोष्ट मनांत पक्की धरा. अनोळखी पिल्लूं चावलें किंवा त्यानें ओरखडलें, तर रागें भरतील या भीतीनें घरीं लपवूं नका. जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें १५ मिनिटें धुवा व त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जा. रेबीजचीं लक्षणें दिसूं लागल्यावर रोगी जवळजवळ कधींच वांचत नाहीं. वेळेवर घेतलेली लस मात्र त्यास वांचविते.

चार ते सहा महिन्यांच्या वयांत पिल्लाची संततिप्रतिबंधक शस्त्रक्रिया करवून घ्यावी. मांजरीची गर्भावस्था अवघी सुमारें ६३ ते ६५ दिवसांची असते, व सहा महिन्यांची होण्यापूर्वींच ती गाभण राहूं शकते. आपण एक पिल्लूं वांचवावें आणि वर्षांत त्याचीं पांच पिल्लें रस्त्यावर जावींत, यांत काय साधलें?

पहिले दिवस

नवें पिल्लूं पलंगाखालीं दडून बसेल. त्यास ओढून काढूं नये, शेजारच्या मुलांस पाहावयास बोलावूं नये. खोलींत जमिनीवर बसून आपला धडा हळूं आवाजांत वाचीत राहावें. तें आपण होऊन जवळ येतें. सारा दिवस कांहींच खाल्लें नाहीं, तर पशुवैद्यांस विचारावें.

भारताच्या राज्यघटनेंत १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनें मूलभूत कर्तव्यें आलीं; त्यांपैकीं ५१ अ कलमांत प्राणिमात्रांविषयीं दया बाळगणें हें एक कर्तव्य सांगितलें आहे. आणि पाळलेला प्राणी उपासमार होईल अशा स्थितींत योग्य कारणावांचून टाकून देणें, हा १९६० च्या प्राणि-क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वयें गुन्हा आहे. दया व जबाबदारी हीं दोन निराळीं प्रकरणें नव्हत, हें कायद्यासहि मान्य आहे.

नाताळच्या सुटींत आमच्या घरीं दुसरें पिल्लूं आलें. या वेळीं पंधरा दिवस आधीं खिडकीस जाळी बसली होती, पेटी भरली होती, पशुवैद्यांची वेळ ठरली होती. आलें तेव्हां त्याचें वजन ९३० ग्रॅम होतें. ते दोन मुलगे दर शनिवारीं आमच्याकडे येतात, त्यास तराजूंत बसवितात व वहींत आंकडा मांडतात. पहिल्या पिल्लाचें दुःख त्यांच्या मनांतून गेलेलें नाहीं, आमच्याहि नाहीं. परंतु पुढच्या पावसाळ्यांत तुम्हांपैकीं कोणास गटाराच्या कांठीं असा आवाज ऐकूं आला, तर आधीं ऊब, मग दूध, आणि लगेच पशुवैद्य, एवढा क्रम तरी आठवावा. तेवढ्यासाठींच हें सारें लिहिलें.