मज्जानलिकेची घडण

मनुष्याचा मेंदू जन्मापूर्वीच घडू लागतो. पण ही घडण किती लवकर सुरू होते, हे पाहून आश्चर्य वाटते. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर पेशींची एक चपटी पट्टी तयार होते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात आणि जुळतात. पानाची सुरळी करावी तशी एक पोकळ नळी बनते. हीच मज्जानलिका होय. तिच्या वरच्या भागापासून मेंदू आणि खालच्या भागापासून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू तयार होतो. सुमारे २८ व्या दिवशी ही नलिका पूर्ण मिटते.

एवढ्या थोड्या काळात पेशी झपाट्याने वाढाव्या लागतात. एका पेशीच्या दोन होण्यापूर्वी तिच्यातील डीएनए या द्रव्याची नवी प्रत तयार व्हावी लागते. येथे विकरे उपयोगी पडतात. विकर, म्हणजेच एन्झाइम, शरीरातील रासायनिक क्रियांना वेग देते. डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे असेच एक विकर आहे. ते फॉलिक आम्लाला उपयुक्त रूप देते व त्याच्या साहाय्याने डीएनएचे घटक बनतात. परंतु कारागीर कितीही कुशल असला, तरी सामग्रीवाचून त्याचे काम अडते. फॉलिक आम्ल अपुरे पडले, तर नलिका कोठेतरी उघडी राहण्याचा धोका वाढतो. ती पाठीकडे उघडी राहिल्यास मुलाचे पाय दुबळे होऊ शकतात. डोक्याकडे उघडी राहिल्यास मूल जगत नाही.

या आम्लाच्या शोधाचा आरंभ मुंबईत झाला. १९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर तेथे आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गर्भवती स्त्रियांना जडणाऱ्या रक्तक्षयाचे कारण त्या शोधीत होत्या. यीस्टच्या अर्काने या स्त्रिया बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. अर्कातील तो गुणकारी घटक म्हणजे फॉलिक आम्ल, हे पुढे उमगले. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. लॅटिन भाषेत पानाला ‘फोलियम’ म्हणतात. त्यावरून त्याला हे नाव मिळाले.

मज्जानलिकेशी त्याचा असलेला संबंध मात्र १९९१ साली निर्विवाद सिद्ध झाला. पूर्वी असे सदोष मूल झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल घेतले असता, तो दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले.

नलिका मिटते, तेव्हा आपण गर्भवती आहोत हे पुष्कळ मातांना ठाऊकही नसते. नंतर घेतलेल्या औषधाने मिटण्याची ती वेळ परत येत नाही. म्हणून पालेभाज्या व डाळी यांचा आहार आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक आम्लाच्या गोळ्या आधीपासूनच घ्याव्या लागतात. कारागीर कामाला लागण्यापूर्वीच सामग्री घरात असावी, हेच खरे.