घरगुती कासव-प्रजनन गट : कायदा, जीवशास्त्र आणि जबाबदारी

नोव्हेंबर 2018 मध्ये सिंगापूरहून 51 चांदणी कासवे विमानाने बेंगळुरूला परत आणण्यात आली. बाजारात ‘स्टार कासव’ या नावाने ओळखली जाणारी ही कासवे तस्करीच्या मार्गाने परदेशी पोहोचली होती. सिंगापूरमधील ‘अ‍ॅक्रेस’, भारतातील ‘वाइल्डलाइफ एसओएस’ आणि कर्नाटक वन विभाग यांच्या समन्वयातून त्यांची घरवापसी झाली. कोलार, चित्तूर व अनंतपूर या कोरडवाहू पट्ट्यातील माळराने, झुडपी जंगले आणि शेतांचे बांध हे या जातीचे नैसर्गिक घर आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने भारतातील एकाच व्यापारकेंद्रातून वर्षाकाठी किमान 55,000 कासवे उचलली जात असल्याचा अंदाज मांडला होता.

विदेशी पाळीव प्राण्यांची हौस जसजशी वाढते आहे, तसतसा ‘कासवांचे प्रजनन हा शेतीपूरक व्यवसाय होऊ शकेल काय?’ हा प्रश्नही पुढे येतो. त्याचे उत्तर देताना आधी कायदा, मग जीवशास्त्र आणि शेवटी अर्थकारण असा क्रम ठेवणे हिताचे ठरते.

कायद्याची चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधील 2022 च्या दुरुस्तीनंतर चांदणी कासवाचा समावेश अनुसूची 1 मध्ये झाला आहे. त्याला पकडणे, बाळगणे वा विकणे हा गुन्हा असून किमान 3 ते कमाल 7 वर्षे कारावास व किमान 25,000 रुपये दंड अशी शिक्षेची तरतूद आहे. 2019 पासून ही जात आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक ‘साइट्स’ कराराच्या परिशिष्ट 1 मध्येही आहे. त्यामुळे या कासवाचा घरगुती प्रजनन गट उभारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शेतात सापडलेले पिल्लू ‘शुभ’ म्हणून घरी ठेवणे हाही कायद्याचा भंगच होय.

सुलकाटा, लाल पायांचे रेड-फूटेड, लेपर्ड यांसारख्या विदेशी जातींची स्थिती वेगळी आहे. साइट्सच्या परिशिष्टांतील जाती आता अधिनियमाच्या अनुसूची 4 मध्ये येतात. 2024 च्या नियमांनुसार असा जिवंत प्राणी ताब्यात आल्यापासून 30 दिवसांच्या आत ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. जन्म, मृत्यू व हस्तांतरण यांचीही नोंद आवश्यक असते. मादागास्करचे रेडिएटेड कासव परिशिष्ट 1 मध्ये असल्याने त्याच्या प्रजननासाठी स्वतंत्र परवाना लागतो. विक्रेत्याकडे नोंदणीचे कागद नसतील, तर तो व्यवहार तेथेच थांबवावा.

गटाची रचना

1. एका गटात एकच जात ठेवावी. वेगवेगळ्या खंडांतील जाती एकत्र ठेवल्यास एका जातीला सोसणारे रोगजंतू दुसरीला प्राणघातक ठरू शकतात.

2. एका नरामागे दोन ते चार माद्या ठेवाव्यात. एकच जोडी ठेवल्यास नर मादीचा सतत पाठलाग करतो आणि ती खाणे सोडते. दोन प्रौढ सुलकाटा नर एकमेकांना उलथवतात. उलटे पडलेले कासव उन्हात काही तासांतच दगावू शकते.

3. एकाच वीणीतील भावंडे जोडू नयेत. पिल्लांचे लिंग बाहेरून ओळखता येत नाही. प्रौढ नराची शेपटी लांब व पोटाकडील कवच खोलगट असते. ही लक्षणे स्पष्ट होण्यास अनेक वर्षे लागतात.

4. नव्या कासवाला किमान तीन महिने वेगळे ठेवावे. या काळात विष्ठेची तपासणी करून घ्यावी आणि नाक वाहणे, डोळे सुजणे, वजन घटणे यांवर लक्ष ठेवावे.

हवामान व आहार

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान 15 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते. पावसाळाही लांबतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चांगला पाऊस होतो. सुलकाटा हे सहारा वाळवंटाच्या दक्षिण सीमेवरील कोरड्या प्रदेशातील कासव असल्याने थंडी आणि ओल एकत्र आली की त्याला फुफ्फुसाचा दाह होतो. त्यासाठी जमिनीपासून उंच, कोरडे व रात्री उबदार राहणारे निवारे लागतात. दक्षिण अमेरिकेतील रेड-फूटेड कासवाला मात्र दमट हवा व दाट सावली मानवते. तेव्हा एकाच आराखड्याचे कुंपण दोन्ही जातींना चालत नाही.

आहाराच्या बाबतीत शेतकऱ्याची बाजू भक्कम असते. सुलकाटासारख्या गवतखाऊ जातीसाठी हरळी व मारवेल हा मुख्य आहार असावा. त्याला फड्या निवडुंगाची काटे काढलेली पाने, जास्वंदीची पाने-फुले व थोडा शेवगा यांची जोड द्यावी. पालक नेहमी देऊ नये, कारण त्यातील ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियमचे शोषण घटते. फवारणी झालेल्या बांधावरचा चारा पूर्णपणे टाळावा.

अंडी आणि पिल्ले

मादी मागच्या पायांनी खड्डा खणते. हे काम काही तास चालते. या वेळी तिला डिवचल्यास ती अंडी रोखून धरते आणि त्यातून जिवावरचा प्रसंग ओढवू शकतो. अंडी काढताना वरच्या बाजूस पेन्सिलीने खूण करून त्याच स्थितीत ठेवावीत. पुढे अंडे उलटे झाल्यास गर्भ मरण्याची शक्यता असते. उबवणीचे तापमान 28 ते 32 अंशांच्या दरम्यान ठेवले जाते. कमी तापमानात प्रामुख्याने नर व जास्त तापमानात प्रामुख्याने माद्या जन्मतात. म्हणून सगळी अंडी एकाच तापमानात उबवणारा पालक नकळत एकाच लिंगाची पिढी तयार करतो.

उबवणीचा कालावधी जातीनुसार साधारण तीन ते सहा महिन्यांचा असतो. पोटावरची बलकाची पिशवी जिरेपर्यंत पिल्लाला ओढून काढू नये. कोरड्या जागेत वाढलेल्या पिल्लांच्या कवचावर उंचवटे येतात आणि ते पुढे कधीच सपाट होत नाहीत. म्हणून कोरड्या प्रदेशातील जातींच्या पिल्लांनाही दमट लपणजागा लागते. कोवळे ऊन व कॅल्शियम यांनाही पर्याय नाही. कासवांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. त्यामुळे हाताळणीनंतर साबणाने हात धुण्याची शिस्त मुलांसह सर्वांनी पाळावी.

अर्थकारणाची कसोटी

सुलकाटाची मादी एका वेळी 15 ते 30 अंडी घालते. हा आकडा ऐकून नफ्याची गणिते मांडली जातात. पण त्यातील प्रत्येक पिल्लू पुढे 40 किलोंपर्यंत वाढू शकते, 50 वर्षांहून अधिक जगू शकते आणि कुंपणाखालून बीळ खणू शकते. वीस पिल्ले म्हणजे अर्धशतकासाठी लागणारी वीस घरे. ती घरे निश्चित नसतील, तर अंडी न उबवणे हाच जबाबदार निर्णय होय. नको झालेले विदेशी कासव रानात वा तळ्यात सोडणे कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही. बेंगळुरूच्या तलावांत आढळणारी रेड-इअर्ड स्लायडर कासवे ही अशाच ‘सोडून देण्याची’ खूण आहे. स्थानिक जातींच्या अन्नावर व जागेवर ती हक्क सांगतात.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

नोंदणीकृत हौशी पालकाला जोपासनेचे मार्गदर्शन जरूर करावे. मात्र जोडधंदा म्हणून कासव-प्रजननाची शिफारस करू नये. चांदणी कासवाच्या अधिवासातील गावांमध्ये तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. बांधावरचे गवत पेटवण्यापूर्वी व यंत्राने कापणी करण्यापूर्वी एक फेरी मारावी. शेतात चालणारे निरोगी कासव जागेवरून हलवू नये. जखमी वा कोणी आणून दिलेले कासव हाती आल्यास 48 तासांच्या आत वन विभागाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवून सुपूर्द करावे. पिल्लू मागणारा दलाल गावात आला, तर त्याच्या हातातील काहीशे रुपयांमागे सात वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची टांगती तलवार आहे, हे विकणाऱ्याला वेळेत समजले पाहिजे. सिंगापूरहून परतलेल्या 51 कासवांचा प्रवास कुठल्या तरी बांधावरूनच सुरू झाला असावा. तो तेथेच थांबवणे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक आहे.