मस्कतची फेरी आणि दहा आकडे



कोकणच्या किनाऱ्यावर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले, तर समुद्रच समुद्र दिसतो. तो समुद्र ओलांडला की अरबांचा मुलूख लागतो. त्या मुलखात ओमान नावाचा देश आहे. मस्कत ही त्या देशाची राजधानी. मुंबईहून मस्कत सुमारे दीड हजार किलोमीटर दूर आहे. विमान तेथे अडीच-तीन तासांत पोचते.

आम्ही रत्नागिरीकडची चार माणसे २००६ ते २००९ अशी तीन वर्षे तेथे नोकरीला होतो. रुवी नावाच्या भागात एका खोलीत राहत होतो. शेजारच्या खोलीत राजापूरकडचे एक गवंडी राहत. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचांना तेथे अठरा वर्षे झाली होती. अरबी बोलायचे ते अगदी पाण्यासारखे. पण लिहिता-वाचता त्यांना कोणतीच भाषा येत नव्हती.

आणि आम्ही? आम्हाला मराठी येत होते, थोडे इंग्रजी येत होते. पण विमानतळाबाहेर पाऊल टाकले, अरबी पाट्या पाहिल्या, आणि आम्हीही निरक्षर झालो! ती अक्षरे उजवीकडून डावीकडे जातात. कोठे सुरुवात, कोठे शेवट, काही कळेना. न वाचता येणाऱ्या माणसाला कसे वाटते, ते आम्हाला तेव्हा समजले.

मग आम्ही ठरवले, की सुटीच्या दिवशी चाचांना बरोबर घ्यायचे आणि शहर पाहायचे. बोलायचे काम चाचांचे. इंग्रजी पाट्या वाचायचे काम आमचे.

मत्राचा बाजार

पहिल्या शुक्रवारी आम्ही मत्राला गेलो. मत्रा हे मस्कतचे जुने बंदर. एका बाजूला निळा समुद्र, दुसऱ्या बाजूला काळे उघडे डोंगर. डोंगरावर झाड नाही, गवताची काडी नाही. या दोहोंच्या मधल्या पट्टीत पांढरी घरे बसली आहेत. समुद्राकाठाने लांबलचक रस्ता आहे. संध्याकाळी लोक तेथे फिरायला येतात.

आधी मासळीबाजारात शिरलो. सुरमई होती, कुपा होता, मुशी होती. आम्हाला घरची आठवण झाली. तो जुना बाजार आता राहिलेला नाही. २०१७ साली तेथे नवी इमारत झाली.

मग दुकानांच्या बोळात गेलो. सगळीकडे उदाचा वास. ओमानच्या दक्षिणेला धोफार नावाचा प्रांत आहे. तेथे एक झाड होते. त्याच्या सालीला चीर दिली की चीक निघतो आणि तो वाळून खडे होतात. त्या खड्यांना अरब लोक लुबान म्हणतात. निखाऱ्यावर खडा टाकला की घर घमघमते. हजारो वर्षे हा माल उंटांवरून आणि गलबतांवरून दूरदेशी जात आला आहे.

तेथे आमची फजिती झाली. एका दुकानात शाल टांगलेली होती. तिच्यावर किमतीची चिठ्ठी. चिठ्ठीवर एक उभी काठी आणि तिच्यापुढे एक वाटोळे. आम्ही म्हटले, "एकावर शून्य, म्हणजे दहा." दहा रियाल पुढे केले. दुकानदाराने मान हलवली. आम्हाला वाटले, परका माणूस पाहून हा फसवतो आहे. आमचा आवाज चढला.

चाचा मध्ये पडले. दुकानदाराशी बोलले आणि हसायला लागले. "अरे पोरांनो, तो म्हणतोय पंधरा. आणि चिठ्ठीवरही पंधराच लिहिलंय म्हणे."

दुकानदार भला माणूस होता. त्याने कागद घेतला आणि आकडे काढून दाखवले. एक म्हणजे उभी काठी. पाच म्हणजे वाटोळे, हुबेहूब आपल्या शून्यासारखे. आणि त्यांचे शून्य म्हणजे नुसते टिंब! सात म्हणजे बैलाच्या शिंगांसारखा, वर उघडा. आठ म्हणजे घराच्या छपरासारखा, खाली उघडा. नऊ बराचसा आपल्या एकासारखा.

शेवटी तो म्हणाला, "आम्ही यांना हिंदी आकडेच म्हणतो. तुमचेच आहेत हे."

ते खरे आहे. दहा आकड्यांत सगळी संख्या लिहायची ही रीत मूळ आपल्या देशातली. इसवी सन ८२५ च्या सुमारास बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी नावाचे मोठे गणिती होते. त्यांनी या हिंदी रीतीवर पुस्तक लिहिले. पुढे ही रीत अरबांकडून युरोपात गेली. वाटेत आकड्यांची रूपे बदलली. आणखी एक गंमत पाहा. अरबी अक्षरे उजवीकडून वाचायची, पण संख्या मात्र आपल्यासारखीच डावीकडून.

ओमानच्या नाण्यांतही आपली ओळख लपलेली आहे. एका रियालचे हजार भाग करतात. त्या भागाला बैसा म्हणतात. बैसा म्हणजे आपला पैसाच. अरबीत 'प' नाही, म्हणून 'ब' झाला. पूर्वी तेथे आपला रुपया चालत असे. १९५९ साली आपल्या रिझर्व्ह बँकेने आखाती देशांसाठी वेगळे रुपये काढले. ओमानात ते १९७० पर्यंत चालले.

वेस, किल्ले आणि कंदील

पुढच्या फेरीत जुने मस्कत पाहिले. हे गाव डोंगरांच्या वाटीत बसले आहे. समुद्रावर दोन किल्ले आहेत, जलाली आणि मिरानी. ते पोर्तुगीजांनी बांधून काढले. हो, वसईचे आणि गोव्याचे तेच पोर्तुगीज! त्यांनी १५०७ साली मस्कत घेतले. १६५० साली ओमानी लोकांनी त्यांना हाकलून दिले. आपल्याकडे वसई १७३९ साली सुटली, आणि गोवा १९६१ साली.

दोन किल्ल्यांच्या मध्ये सुलतानांचा राजवाडा आहे. त्याचे खांब निळे आणि सोनेरी आहेत. आत जाता येत नाही. बाहेरून पाहायचा.

जुन्या गावाला वेस आहे. चाचांनी एका म्हाताऱ्या ओमानी माणसाला तिच्याविषयी विचारले. तो सांगू लागला, "सूर्य बुडाल्यावर तीन तासांनी वेस बंद होई. त्यानंतर जो बाहेर पडेल, त्याच्या हातात पेटता कंदील पाहिजे. नाहीतर पहारेकरी धरत."

ही गोष्ट फार जुनी नाही, १९७० पर्यंतची आहे. त्या वर्षी साऱ्या ओमानात तीनच सरकारी शाळा होत्या. त्यांत सुमारे नऊशे मुलगे शिकत. मुलगी एकही नव्हती. १९६७ पासून देशातले तेल परदेशी विकले जाऊ लागले होते. पण तो पैसा लोकांपर्यंत पोचला नव्हता. जुलै १९७० मध्ये सुलतान काबूस गादीवर आले. त्यांनी रस्ते, दवाखाने आणि शाळा काढल्या. १९८६ साली विद्यापीठ सुरू झाले. त्यात मुलीही शिकू लागल्या. सुलतान काबूस २०२० साली वारले.

म्हातारा पुढे म्हणाला, "मी शिकलो नाही. माझी नात डॉक्टर आहे." असे म्हणून तो वेशीकडे पाहत राहिला. चाचाही गप्प झाले.

मोठी मशीद

मस्कतची मोठी मशीद २००१ साली उघडली. तिच्यासाठी तीन लाख टन दगड लागला, आणि तो दगड आपल्या भारतातून गेला! मुख्य दालनात एकच एक गालिचा आहे. त्याची लांबी ७० मीटर आणि रुंदी ६० मीटर. इराणातल्या सहाशे बायांनी तो चार वर्षे विणला.

शुक्रवारी परधर्माच्या माणसाला आत जाता येत नाही. इतर दिवशी सकाळी जाता येते. अंगभर कपडे हवेत. बायकांनी डोके झाकायला हवे. आम्ही एक सुटी बघून गेलो. चाचा तेथे पूर्वी नमाजाला गेले होते. पण त्या दिवशी ते गवंड्याच्या नजरेने पाहत होते. दगडाच्या सांध्यावरून बोट फिरवून म्हणाले, "हात चांगला आहे."

वादी आणि पाणी

मस्कतमध्ये 'वाडी कबीर' अशी पाटी इंग्रजीत वाचली, तेव्हा आम्हाला वाटले, ही आपल्यासारखी वाडी असेल. पण तो शब्द 'वादी' आहे. वादी म्हणजे डोंगरातला कोरडा ओढा. वर्षभर त्यात धूळ असते. पण डोंगरात पाऊस पडला की घटकेत लोंढा येतो. जून २००७ मध्ये गोनू नावाचे चक्रीवादळ आले. वाद्या भरून वाहिल्या, रस्ते वाहून गेले. ओमानात सुमारे पन्नास माणसे दगावली. म्हणून सांगतो, कोरड्या वादीत कधी मुक्काम करू नये. वाहत्या वादीत गाडी घालू नये.

मग एरवी पाणी कोठून येते? शहराला समुद्राचे पाणी गोडे करून देतात. मस्कतजवळ घुबरा येथे असा कारखाना १९७६ साली सुरू झाला. खेड्यांत मात्र जुनी रीत आहे. डोंगराच्या पोटातले पाणी उतार देऊन पाटाने शेतापर्यंत आणतात. त्या पाटाला फलज म्हणतात. निझवा गावी आम्ही तो पाहिला. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. पूर्वी पाळी दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून मोजत. असे तीन हजारांवर फलज अजून चालू आहेत. पाळीवरून भांडणे आपल्याकडेही होतात. तेथे गावानेच नेमलेला माणूस पाळ्या सांभाळतो.

चाचांचा कागद

आता खरी गोष्ट ऐका. शालीची चिठ्ठी पाहिल्यापासून चाचांच्या मनात आकडे बसले होते. रोज रात्री ते आमच्या खोलीत येत. बोटाने जमिनीवर रेघा ओढत. घरांवरचे नंबर वाचत. मोटारींचे नंबर वाचत. "ही घरं मी बांधली रे," ते म्हणाले. "पण घराचा नंबर आज वाचला."

महिनाअखेर आली. चाचांचा मुकादम पगाराचा कागद पुढे करी आणि चाचा अंगठा देत. साठ रियाल हातात पडत. या वेळी चाचांनी अंगठा उचलला, पण टेकवला नाही. कागदावर बोट ठेवून म्हणाले, "येथे सहा आहे. पुढे वाटोळे आहे. वाटोळे म्हणजे पाच. टिंब नाही."

कागदावर पासष्ट लिहिले होते.

मुकादम चपापला. चूक झाली म्हणाला. पाच रियाल काढून दिले. त्या महिन्यापासून चाचांना पासष्ट रियाल मिळू लागले. मागच्या महिन्यांचे काय, असे आम्ही विचारले. चाचा म्हणाले, "त्या कागदांवर माझाच अंगठा आहे. आता बोलणार काय?"

मंडळी, मस्कतमध्ये आम्ही किल्ले पाहिले, राजवाडा पाहिला, मोठी मशीद पाहिली. पण चाचांनी कागदावर ठेवलेले ते बोट आम्ही विसरलो नाही. तुमच्या गावातले कोणी परमुलखी निघाले असेल, तर त्याला हा पाठ वाचून दाखवा. करार वाचून घ्या म्हणावे. त्याची नक्कल घरी ठेवा. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा. आणि जेथे जाल तेथले दहा आकडे आधी शिका.

प्रश्न

१. आम्ही मस्कतला निरक्षर कसे झालो?
२. शालीची खरी किंमत किती होती? आमची चूक कशी झाली?
३. बैसा हा शब्द कोठून आला?
४. वाडी आणि वादी यांत फरक काय?
५. चाचांचे मागचे पैसे का बुडाले? तुमच्या घरात न वाचता अंगठा दिलेला कागद आहे का? तो आज काढून वाचा.