मनगटावरचे घड्याळ आणि यंत्राचे भाकीत

मोबाइलला जोडलेली घड्याळे, बीपीचे मशीन, साखर मोजायचे यंत्र आता वस्तीतल्या घरांतही दिसू लागले आहे. त्यांचा उपयोग होतोच. पण यातली बरीच यंत्रे आपली माहिती इंटरनेटवरून कंपनीकडे पाठवतात. म्हणून आपण दोन प्रश्न विचारायला हवेत.

पहिला प्रश्न : यंत्रात बाहेरचा कोणी शिरू शकतो का?
हृदयाचे ठोके सांभाळण्यासाठी छातीत पेसमेकर बसवतात. २०१७ साली अमेरिकेत अशा सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरमध्ये त्रुटी आढळली. जवळ असलेल्या जाणकाराला बिनतारी लहरींनी त्यात शिरता आले असते. कोणाला इजा झाल्याची नोंद नव्हती. ऑपरेशन न करता, दवाखान्यात काही मिनिटांत सॉफ्टवेअर सुधारता आले. म्हणजे वेळेवर केलेले अपडेट हाही औषधोपचारच आहे.

दुसरा प्रश्न : यंत्र भाकीत कशावरून करते?
जुन्या नोंदींवरून. कोणत्या रुग्णाला जादा देखभाल लागेल, हे ठरवणाऱ्या अमेरिकेतील एका संगणक प्रणालीचा अभ्यास २०१९ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आला. प्रणाली आजार नव्हे, तर उपचारावरचा खर्च पाहत होती. कृष्णवर्णीयांवर तेवढ्याच आजारात खर्च कमी होत होता, म्हणून यंत्राने त्यांना कमी आजारी ठरवले. जादा मदतीसाठी निवडलेल्यांत ते १७.७ टक्के होते. चूक दुरुस्त केली तर ४६.५ टक्के झाले असते. यंत्राला वर्ण सांगितलाच नव्हता. भेदभाव आकड्यांत आधीच मुरलेला होता.

आपण यातून काय शिकावे? जो दवाखान्यात पोहोचलाच नाही, त्याचे दुखणे नोंदीत दिसत नाही आणि यंत्राला तो धडधाकट वाटतो.

म्हणून एवढे करू या :
• यंत्रासोबत आलेला पासवर्ड लगेच बदलू. अपडेट टाळू नये.
• आरोग्य खात्याचा ओटीपी फोनवर कोणालाही सांगू नये.
• अ‍ॅप संपर्क, फोटो मागत असेल तर कारण विचारू. गरज नसेल तर नकार देऊ.
• बीपी-साखरेचे आकडे तारखेसह वहीत लिहू, केसपेपर जपून ठेवू.
• घड्याळ ‘सर्व ठीक’ म्हणाले तरी छातीत दुखत असेल, दम लागत असेल तर ताबडतोब दवाखाना गाठू.

दुखणे आपल्याला होते, घड्याळाला नाही. डॉक्टरांना ते आपणच सांगायचे आहे.