किनारा किती सरकला?

समुद्र पुळण खाऊ लागला म्हणजे काठावरील वस्तीस धोका उत्पन्न होतो. ऑस्ट्रेलियात सिडनी शहराच्या उत्तरेस नॅराबीन-कोलरॉय नावाची पुळण आहे. जून २०१६ च्या वादळात तेथील वाळू वाहून गेली व काठावरील घरांची हानी झाली.

या पुळणीची मोजणी १९७६ पासून दरमहा होत आली आहे. परंतु प्रत्येक किनाऱ्यावर इतकी माणसे कोठून आणावीत? म्हणून न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये ‘कोस्टसॅट’ ही संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. उपग्रहाने घेतलेल्या चित्रांत वाळू, पाणी व लाटांचा फेस कोणता, हे माणसांनी प्रथम खुणा करून दाखविले. त्यांवरून संगणक ते ओळखावयास शिकला. हीच कृत्रिम बुद्धिमत्तेची रीत होय. १९८४ पासूनची चित्रे तपासून तो किनाऱ्याची रेषा आखतो. तीत सुमारे १० मीटरांची चूक राहते.

ही चूक कळली कशी? प्रत्यक्ष पुळणीवर माणसांनी केलेल्या मोजणीशी उत्तर ताडून पाहिल्यामुळे. यंत्र आले तरी मोजणी थांबवू नये, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवावे.

अभ्यास : संगणकाने फेसास वाळू मानले, तर किनाऱ्याची रेषा कोणत्या बाजूस सरकलेली दिसेल?