कीर्तिमुख : देवद्वारीचा राक्षस

सभामंडप ओलांडून गाभाऱ्याच्या दारी आले म्हणजे भाविकाची दृष्टी सरळ मूर्तीकडे जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु जुन्या देवळांतून मूर्तीपूर्वी जो उंबरठा लागतो, त्याकडे क्षणभर पाहिल्यास तेथे पुष्कळदा एक विलक्षण मुख कोरलेले आढळते. डोळे बटबटीत, गाल फुगलेले, सुळे बाहेर आलेले. वरचा जबडा भला मोठा, पण खालचा बहुतेक ठिकाणी नाहीच. मानेखाली धडही नाही. हेच मुख देवाच्या मागील प्रभावळीच्या अगदी माथ्यावर, म्हणजे प्रत्यक्ष देवाच्याही मस्तकावर, विराजमान झालेले दिसते. यास कीर्तिमुख म्हणतात.

आपल्या देवळाच्या जीर्णोद्धाराचा विचार सध्या चालू आहे. त्या प्रसंगी गाभाऱ्याचा झिजलेला दगडी उंबरठा संगमरवराने झाकून टाकावा, अशी एक सूचना पुढे आली. आणि एका वयोवृद्ध गृहस्थांनी असेही विचारले, की देवाच्या दारात राक्षसाचे तोंड मुळात हवेच कशाला? प्रश्न प्रामाणिक आहे व त्यास तितकेच प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. आमचे शिक्षण शाळेपुरतेच झालेले. तथापि त्या उंबरठ्याशी आमची ओळख जुनी असल्यामुळे हे लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

ती ओळख अशी झाली. आम्ही आठ-नऊ वर्षांचे असू. द्वादशीचा दिवस होता. घरात वडील मंडळींना आदल्या दिवसाचा उपवास घडलेला. देवाच्या नैवेद्याचे ताट झाकून ठेवले होते. आम्हांस भूक आवरेना, म्हणून कोणी पाहत नाही असे पाहून आम्ही ताटातील एक घारगा उचलून तोंडात टाकला. तीर्थरूपांनी ते पाहिले. अर्थात तो नैवेद्य देवास चालणार नव्हता. मातोश्रींनी उपाशीपोटी पुन्हा चूल पेटविली. तीर्थरूपांनी आम्हांस मारले नाही. त्यांनी आम्हांस गाभाऱ्याच्या उंबरठ्यापाशी बसविले व त्या दगडी मुखाकडे बोट दाखवून म्हटले, "नैवेद्य होईपर्यंत याच्याकडे पाहत बस. हा तुझाच भाऊ आहे." त्याची कथा त्यांनी सायंकाळी सांगितली. ती शिवपुराणात व स्कंदपुराणात आलेली आहे.

जालंधर नावाचा दैत्य बलाने व ऐश्वर्याने उन्मत्त झाला. सर्व उत्तम वस्तू आपल्याच घरी असाव्यात, ही त्याची हाव. त्याने राहूस दूत करून कैलासावर पाठविले आणि पार्वतीची मागणी केली. तो उर्मट निरोप ऐकताच शंकराच्या भ्रुकुटीमधून एक भयंकर पुरुष प्रकट झाला : मुख सिंहासारखे, जीभ लवलवती, डोळ्यांत अग्नी, केस उभे आणि शरीर केवळ अस्थिचर्म. जणू देहधारी भूकच. तो राहूस गिळण्यासाठी धावला. राहू शरण आला. दूतास अभय असावे म्हणून शंकराने त्यास सोडावयास लावले. तेव्हा त्या पुरुषाने विचारले, "देवा, मला तर असह्य भूक लागली आहे, मी काय खाऊ?" शंकर म्हणाले, "आपल्याच हातापायांचे मांस खा." त्याने प्रतिप्रश्न केला नाही. हात खाल्ले, पाय खाल्ले, सर्व धड खाल्ले. शेवटी मुखच तेवढे उरले. ते पाहून शंकर प्रसन्न झाले. त्यांनी त्यास कीर्तिमुख हे नाव दिले, आपल्या द्वारी कायमचे स्थान दिले, आणि त्याचे पूजन केल्यावाचून आपले पूजन व्यर्थ होय, असा वर दिला.

या कथेतील एक गोष्ट वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. तिच्यात मस्तकमात्र उरलेली पात्रे एक नसून दोन आहेत. राहूही धडावाचूनचाच. समुद्रमंथनानंतर देवांच्या पंक्तीत चोरून बसून त्याने अमृत प्राशन केले. सूर्यचंद्रांनी चहाडी केली व विष्णूने त्याचा शिरच्छेद केला. राहूचे धड दुसऱ्याने छेदले. कीर्तिमुखाने आपले धड आपणच संपविले. म्हणून राहूची भूक आजतागायत शमली नाही. ग्रहणात तो सूर्यचंद्रांना गिळतो, पण पोटच नसल्याने ते पुन्हा बाहेर पडतात, अशी समजूत आहे. कीर्तिमुखाची भूकही तितकीच दारुण होती. परंतु तिचे तोंड त्याने स्वतःकडे वळविले. एकाच्या वाट्यास ग्रहणाची अशुभ छाया आली, दुसऱ्याच्या वाट्यास देवाचे द्वार.

धडावाचूनचे भयानक मुख व पवित्र स्थान यांची अशी जोडी अन्य देशांतही आढळते. ग्रीक पुराणांत मेदुसा नावाची राक्षसी आहे. तिच्या केसांच्या जागी सर्प असून तिच्याकडे जो पाहील तो दगड होई. पर्सियस या वीराने तिचा शिरच्छेद केला व ते मस्तक अथेना देवीस अर्पण केले. देवीने ते आपल्या ढालीवर धारण केले. कोर्फू बेटावर इ.स.पू. ५८० च्या सुमारास बांधलेल्या आर्टेमिस देवीच्या मंदिराच्या दर्शनी त्रिकोणात हीच मेदुसा पुरुषभर उंचीहून मोठी कोरलेली होती. ते शिल्प आता तेथील संग्रहालयात आहे. दुष्टाने भयभीत होऊन बाहेरच थांबावे, हा तिचा उपयोग.

चीनमध्ये शांग राजवटीच्या काळी (सुमारे इ.स.पू. १६०० ते १०४६) पितरांना अन्न व मद्य अर्पण करण्यासाठी काशाची अप्रतिम भांडी घडविली जात. त्यांवर दोन मोठे डोळे असलेले व बहुधा खालचा जबडा नसलेले एक मुख असते. पुढील काळात त्यास 'थाओथिए' हे नाव मिळाले. त्याचा अर्थ खादाड. इ.स.पू. तिसऱ्या शतकातील 'ल्यूशी छुनछ्यू' या ग्रंथात त्यासंबंधी जे म्हटले आहे, त्याचा आशय असा : त्यास मस्तक आहे पण धड नाही, ते माणसास खाते, परंतु घास गिळण्यापूर्वीच त्याच्या स्वतःच्या देहाचा नाश होतो. पितरांच्या नैवेद्याच्या भांड्यावर खादाडाचे मुख! आम्हांस हे प्रथम वाचताना आमचा घारगा आठवला.

ग्रीस व चीन येथील ही मुखे आपल्याकडून गेली, असे आम्ही म्हणत नाही. ती आपल्या उपलब्ध कीर्तिमुखांहून कितीतरी जुनी आहेत. जावा व बाली या बेटांची गोष्ट मात्र निराळी. तेथे आपला धर्म व शिल्प समुद्रमार्गे प्रत्यक्ष गेले. बोरोबुदुरच्या स्तूपाच्या कमानींवर आणि नवव्या शतकातील प्रांबानन येथील शिवमंदिरावर हेच मुख 'काल' या नावाने बसले आहे. बालीत देवळांच्या महाद्वारावर जे मुख असते, त्यास 'बोम' म्हणतात. बोम म्हणजे भौम, भूमीचा पुत्र, अर्थात आपला नरकासुर. कृष्णाने त्यास मारल्याची कथा प्राचीन जावी भाषेतील काव्यात आहे. गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे ज्याचे पुतळे जाळतात, ज्याच्या नावाने आपण पायाखाली कारीट चिरडतो, तोच असुर बालीत देवळाचा रक्षक झाला आहे. दोन्ही आचारांत विरोध आहे असे आम्हांस वाटत नाही. असुरपणा जाळावयाचा असतो. त्यातील बळ देवाच्या चाकरीस लावावयाचे असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मेदुसा बाहेरच्या दुष्टास भिववते. थाओथिएच्या त्या वर्णनात परपीडा करून खाणाऱ्यास ताकीद दिसते. कीर्तिमुखाचे सांगणे याहून जवळचे आहे. ते चोरासाठी नसून आत जाणाऱ्यासाठी आहे; आणि गाभाऱ्याच्या आत जातो कोण? भाविक बाहेरूनच हात जोडून परततो. तो उंबरठा दिवसातून दहा वेळा ओलांडतो तो पुजारी. देवापुढील तबकातील नाणी मोजतो तो पुजारी; देवस्थानचे वहीखाते पाहतात ते व्यवस्थापक; मानाच्या पहिल्या आरतीसाठी झगडतात ते मानकरी. देवाच्या सर्वांत जवळ असणाऱ्यांची भूक सर्वांत धोक्याची, हे जुन्या शिल्पकारांना ठाऊक असले पाहिजे. आम्ही पुजाऱ्याचे पुत्र; आमचे अन्न देवळातूनच येते. त्यामुळे हे आम्ही इतरांस उपदेश म्हणून लिहीत नसून प्रथम स्वतःस उद्देशून लिहीत आहोत.

प्रतिष्ठेची असो, धनाची असो, वा नुसत्या घारग्याची असो, भूक दाराबाहेर ठेवून येता येत नाही. ती आपल्याबरोबर आत येतेच. कीर्तिमुखाची भूक शंकराने नाहीशी केली नाही. तिला दिशा दिली. खालचा जबडा नसलेल्या त्या मुखास आता काही चावता येत नाही. ते केवळ पाहते.

याकरिता आमची नम्र सूचना अशी, की नव्या फरशीचे काम अवश्य व्हावे, भिंतीही उजळाव्यात. परंतु उंबरठ्याचा दगड उघडाच राहावा. तो झिजला आहे खरा. पण तो भाविकांच्या हातांनी झिजला आहे. मुलांनी विचारल्यास त्यांना राहूची व कीर्तिमुखाची कथा एकत्र सांगावी, आणि दोघांतील भेद त्यांनाच शोधू द्यावा.

आपल्या भागातील एखाद्या जुन्या देवळात कीर्तिमुख पाहिले असल्यास ते उंबरठ्यावर आहे, खांबावर आहे की शिखरावर, आणि त्यास खालचा जबडा आहे किंवा नाही, हे वाचकांनी अवश्य कळवावे. तशी माहिती पुरेशी जमल्यास पुढील एखाद्या अंकात ती सादर करू. इत्यलम्.